वनाचें वजन

माहूरच्या डोंगरांतील साग मोजावयाचा, तर जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे माणसाच्या छातीच्या उंचीस, खोडाभोंवतीं फीत गुंडाळावयाची, ही जंगलखात्याची जुनी रीत होय. घेर व उंची कळली कीं लांकूड किती निघेल याचा अदमास कोष्टकावरून बांधतां येतो. पानें, डहाळ्या व मुळें मात्र या हिशेबाबाहेर राहतात. कारण ज्यांनीं तो मांडला त्यांस लांकूडच हवें होतें.

या गणनेचा पाया घालणाऱ्यांत डीट्रिख ब्रँडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाचें नांव अग्रभागीं आहे. १८५६ सालीं ब्रह्मदेशांतील पेगू प्रांतांत त्याची नेमणूक झाली. हत्तीवरून जंगल ओलांडीत असतां वाटेंत दिसणाऱ्या प्रत्येक सागामागें तो हातांतील काठीवर एक खांच पाडी. या खांचांवरून वर्षाकाठीं किती झाडें तोडावीं हें ठरविण्यास आधार मिळाला. १८६४ सालीं तो हिंदुस्थानच्या जंगलखात्याचा पहिला मुख्याधिकारी झाला.

झाडाच्या सबंध वजनाचा प्रश्न याहूनहि जुना आहे. व्हॅन हेल्माँट या फ्लेमिश विद्वानानें २०० पौंड वाळविलेल्या मातींत आपल्या वाळुंजाच्या कुळांतील ५ पौंडांचें रोप लाविलें. पांच वर्षांनीं तें १६९ पौंडांचें झालें. माती जवळजवळ तेवढीच राहिली. हा प्रयोग १६४८ सालीं प्रसिद्ध झाला. कुंडींतलें झाड असें तोलतां येतें. अरण्य कोणत्या तराजूंत घालावें?

पुढें त्यावर तोडगा निघाला तो असा: थोडीं झाडें कापून, वाळवून तोलावयाचीं, घेर व वजन यांचें प्रमाण सूत्रांत बसवावयाचें आणि उरलेल्या झाडांचा केवळ घेर घ्यावयाचा. सजीवांच्या अवयवांच्या वाढींतील अशा प्रमाणास हक्स्ले व टेसिए यांनीं १९३६ सालीं ‘अॅलोमेट्री’ हें नांव दिलें.

ही रीत रुक्ष प्रदेशांतील समुद्रकांठीं अडली. कोंकणच्या खाड्यांत वाढणारें तिवर कच्छच्या आखातांतहि आहे. पण तेथें पाऊस तुटपुंजा व मीठ फार. त्यामुळें झाड खुरटतें आणि जमिनीलगतच त्यास अनेक खोडें फुटतात. मग फीत कोठें लावावी? पश्चिम ऑस्ट्रेलियांतील अशा झाडांविषयीं क्लफ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९७ सालीं उत्तर दिलें कीं, प्रत्येक खोड स्वतंत्र झाड समजावें. अगदीं ठेंगण्या झुडपांसाठीं पर्णभाराचा विस्तार व उंची घेतात. मुळांचें वजन मात्र चिखल उपसूनच काढावें लागतें, व तें काम सर्वांत कष्टाचें.

लांकडाच्या कोष्टकांत अशा झुडपाची किंमत शून्य. सरपण आणि उंटांचा चारा एवढाच त्याचा उपयोग दिसे. परंतु वनस्पतीच्या कोरड्या वजनाचा सुमारें निम्मा भाग कार्बन असतो, आणि हवेंतील कार्बनाचा हिशेब जगास निकडीचा झाल्यापासून त्या झुडपांचें वजन विचारलें जाऊं लागलें.

येथें एक पेंच आहे. तोलण्यासाठीं कापावें लागतें. आणि महाराष्ट्रांत २००५ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें कांदळवनांच्या तोडीस मनाई केली. ती मनाई योग्यच होय. मात्र त्यामुळें दुसऱ्या किनाऱ्यावर तयार झालेलें सूत्र उसनें घेण्याचा मोह वाढतो, आणि उंच, पाणथळ वनाचें सूत्र खुरट्या तिवरास लाविलें तर येणारा आंकडा नेमका दिसेल, पण खरा असणार नाहीं. म्हणून कोणतेंहि सूत्र हातीं घेण्यापूर्वीं तें कोणत्या किनाऱ्यावर आणि किती झाडें तोलून बनलें, हें प्रथम विचारावें.