काजऱ्याची बी आणि दमलेला माणूस

माझा एक शाळेतला मित्र पतसंस्थेत वसुलीचं काम बघतो. गेल्या मार्चअखेरीपासून गडी पार बदललाय. रात्री झोप नाही, सकाळी उठवत नाही, दिवसभर चहावर चहा आणि बोलायला गेलं की खेकसणं. परवा त्याच्या खिशात साबुदाण्यासारख्या पांढऱ्या गोळ्यांची बाटली दिसली. वर लिहिलेलं, नक्स व्होमिका ३०.

"गोळीचं माहीत नाही रे, पण डॉक्टरांनी तासभर ऐकून घेतलं. एवढं घरी पण कोणी विचारलं नाही," तो म्हणाला.

ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून या बाटलीचा इतिहास शोधत बसलो.

नक्स व्होमिका म्हणजे आपल्या कोकणात उगवणारा काजरा. नारंगीसारखं फळ, आत कोटाच्या बटणासारख्या चपट्या, कडूजहर बिया. त्यांनाच कुचला म्हणतात. बी विषारी. आयुर्वेदातही शोधन केल्याशिवाय ती वापरत नाहीत. १८१८ साली पेलेतिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी यातलं विष वेगळं काढलं, ते स्ट्रिक्निन.

गंमत बघा, पुढे कित्येक वर्षं ॲलोपॅथीचे डॉक्टरही हे विष चिमूटभर प्रमाणात 'टॉनिक' म्हणून देत होते. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावणाऱ्या थॉमस हिक्सला वाटेत स्ट्रिक्निन आणि ब्रँडी दिली गेली. तो जिंकला, पण शेवटी मदतनिसांनी धरून त्याला रेषेपार न्यावं लागलं. दमलेल्या बैलाला पराणी टोचायची, तसला प्रकार.

होमिओपॅथीचे जनक सॅम्युअल हानेमान (१७५५-१८४३) यांनी हीच बी वेगळ्या वाटेने नेली. निरोगी माणसात जे लक्षण औषध निर्माण करतं, तेच लक्षण आजारात ते बरं करतं, हा त्यांचा सिद्धांत. १८११ पासून निघालेल्या त्यांच्या औषधग्रंथाच्या पहिल्याच भागात नक्स व्होमिका आहे. पुढच्या पुस्तकांत त्याचा 'माणूस' ठरून गेला : बैठं काम, जागरण, चहा-कॉफी, तापट स्वभाव. म्हणजे हुबेहूब माझा मित्र!

आता बाटलीवरच्या ३० चा हिशेब. एक भाग औषध आणि ९९ भाग द्रव, त्यातला एक भाग घेऊन पुन्हा ९९ भाग, असं ३० वेळा. रसायनशास्त्र सांगतं की बाराव्या पायरीच्या पुढे मूळ बीचा एक रेणूही उरण्याची शक्यता जवळपास नसते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले आणि होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा एकाही आजारात मिळाला नाही, असं स्पष्ट सांगितलं.

मग या थकव्याचं करायचं काय? त्याला नावं मात्र बदलत गेली. १८६९ मध्ये अमेरिकेच्या जॉर्ज बीअर्ड यांनी त्याला 'न्यूरास्थेनिया' म्हटलं, म्हणजे नसांचा अशक्तपणा. १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी 'बर्नआउट' हा शब्द रूढ केला. न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात राबणारे लोक कसे आतून विझत जातात, हे त्यांनी पाहिलं होतं. ते स्वतःही त्यातलेच एक होते. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की बर्नआउट हा आजार नसून कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणातून येणारी अवस्था आहे.

आणि खरी गोष्ट इथे आहे. हानेमान यांच्या 'ऑर्गनन' ग्रंथाचं ७७ वं सूत्र वाचा. शरीराला किंवा मनाला अति राबवून, सतत काळजीत राहून ज्यांनी तब्येत बिघडवून घेतली, त्यांच्या दुखण्याला जुनाट रोग म्हणू नका, असं ते म्हणतात. दुसरा मूळ रोग नसेल तर राहणी सुधारली की ते आपोआप जातं. म्हणजे गोळ्यांच्या जनकानेच सांगून ठेवलंय की इथे आधी जगणं बदला!

माझ्या मित्राला बरं वाटलं ते त्या तासामुळे, असं मला वाटतं. डॉक्टरांनी ऐकलं, हे चांगलंच केलं. पण वसुलीचं टार्गेट तेच आहे, रात्री नऊला येणारा साहेबांचा फोन तोच आहे, दोघांचं काम एकट्यावर तेच आहे. ते कुठली बाटली कमी करणार? आशाताई, एसटीचे चालक, कंत्राटी शिक्षक, सगळ्यांचं हेच. त्यांना औषध सुचवणारे शंभर भेटतात, काम कमी करा म्हणणारा एक भेटत नाही.

एक कळकळीचं सांगणं. झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, चालू औषधं परस्पर बंद करू नका. सरकारची 'टेलिमानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे.

आणि आज घरी गेल्यावर एखाद्या दमलेल्या माणसाला विचारा, "काय रे, काय चाललंय?" मग गप्प बसून ऐका. त्याला पैसे पडत नाहीत.