धावत्या चाकाला कुठे धरावे?

चाक फिरवावे कसे, हा प्रश्न माणसाने फार पूर्वी सोडवला. फिरणारे चाक थांबवावे कसे, हा प्रश्न मात्र त्याला पुढे बराच काळ पुरला. बैलगाडीच्या काळात त्याची एवढी निकड नव्हती. कासरा ओढला की बैल थांबत, आणि बैल थांबले की गाडी थांबे. घाटाच्या उतारावर चाकाला लाकूड किंवा दगड लावला की निभावून जाई. परंतु ज्या दिवशी माणूस बैलाशिवाय, घोड्याशिवाय, नुसत्या आपल्या पायांच्या बळावर दोन चाकांवरून धावू लागला, त्या दिवशी ब्रेकचा प्रश्न त्याच्या जिवाशी येऊन भिडला.

सायकलच्या ब्रेकचा इतिहास म्हणजे एका साध्या प्रश्नाचा इतिहास आहे. धावत्या चाकाला धरावे कुठे? बाहेरून, टायरवर? मध्यभागी, आसापाशी? की ज्या धातूच्या कड्यावर टायर बसतो, त्या रिमवर? दोनशे वर्षांत माणसाने ही तिन्ही उत्तरे देऊन पाहिली. त्यांतले रिमचे उत्तर किती खोल आहे, हे डोंगरातल्या खडकांवर सायकल उड्या मारीत नेणाऱ्या एका अजब खेळाने दाखवून दिले. वाचकहो, आज ती हकीकत सांगावयाची आहे.

आरंभ जर्मनीतला. १८१७ साली मानहाइम गावी कार्ल फोन ड्राइस याने दोन चाकांचे लाकडी यंत्र रस्त्यावर आणले. त्याला पायटे नव्हते. माणूस वर बसे आणि जमिनीला पाय मारीत पुढे जाई. तरीसुद्धा ड्राइसने त्याच्या मागच्या चाकावर दाबला जाणारा, दोरीने ओढायचा ब्रेक योजला होता. पुढे १८६० नंतरच्या दशकात पॅरिसच्या मिशो यांच्या गाड्या आल्या. त्यांना पायटे होते, आणि ब्रेकची तऱ्हा मोठी मजेदार होती. हँडलच पिरगळायचे. मग त्यावर गुंडाळलेली दोरी ताणली जाई आणि मागच्या चाकावर चमच्यासारखी पट्टी दाबली जाई.

१८७० नंतर उंच चाकाच्या सायकली आल्या. पुढचे चाक पुरुषभर उंच, मागचे ताटाएवढे, आणि स्वार त्या पुढच्या चाकाच्या माथ्यावर. ब्रेकची पट्टी त्याच चाकाच्या भरीव रबरावर दाबायची. जोरात दाबली तर चाक थांबे, पण स्वार थांबत नसे! तो हँडलवरून डोक्यावर पडे. म्हणजे ज्याच्या हाती ब्रेक, त्यालाच ब्रेकची धास्ती. १८८५ साली इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ ही सायकल आणली. दोन्ही चाके जवळजवळ सारखी, मागच्या चाकाला साखळी, आणि स्वार दोहोंच्या मध्ये. आज आपण जिला सायकल म्हणतो ती हीच. तीनच वर्षांनी, १८८८ साली, डनलॉप याने बेलफास्टमध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले. गाडी मऊ झाली, पण जुना ब्रेक गोत्यात आला. लोखंडी पट्टी भरीव रबरावर घासली तर चालत असे. हवेच्या टायरवर ती घासली, तर पैसे मोजून आणलेला टायर थोड्याच दिवसांत झिजू लागे. टायरवर धरायचे नाही, असे ठरले तेव्हा रिमकडे लक्ष गेले.

रिमवर धरण्यात काय शहाणपण आहे, ते आपल्या घरच्या जात्यावरून समजेल. जात्याचा खुंटा कडेला असतो. तोच खुंटा मधोमध असता, तर दळणारणीच्या हातांत कितीही बळ असून पाळू फिरली नसती. जे फिरवण्याला लागू, तेच थांबवण्याला लागू. कडेला धरले तर थोड्या जोरात काम होते, आसाजवळ धरले तर फार जोर लागतो. २६ इंची सायकलच्या रिमचा व्यास सुमारे ५६० मिलिमीटर असतो. आसाजवळ बसवलेल्या डिस्कचा बहुधा १६० असतो. तेव्हा तेच चाक डिस्कवर अडवायला रिमच्या मानाने जवळपास साडेतीनपट घर्षण लागते. डिस्कची बनावट तेवढा जोर देऊ शकते, ही गोष्ट वेगळी. परंतु रिम ही सायकलला आयतीच मिळालेली भली मोठी डिस्क आहे.

रिमच्या ब्रेकचे दोन प्रकार आपल्याकडे घरोघर ओळखीचे आहेत. एक आपल्या काळ्या, दणकट सायकलचा दांडीचा ब्रेक. मूठ दाबली की लोखंडी दांड्या ओढल्या जातात आणि नालाच्या आकाराची पट्टी दोन रबरे वर उचलून रिमच्या आतल्या अंगाला लावते. दूधवाला, पोस्टमन आणि शाळामास्तर या तिघांनी याच ब्रेकवर जन्म काढले. त्याचे सांधे ढिले झाले तरी एका पान्याने गावात दुरुस्ती होते. दुसरा प्रकार वायरचा. १८९६ साली अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन याने नळीत सरकणाऱ्या तारेचे पेटंट घेतले. नळी कशीही वळवा, आतली तार ओढ जशीच्या तशी पोचवते. त्यामुळे चिमट्यासारखा ब्रेक रिमच्या दोन्ही बाजूंना धरू लागला. एक वैगुण्य मात्र राहिले. लोखंडी रिम पावसात भिजली की रबर तिच्यावरून घसरते. पहिल्या पावसात उतारावर ज्याने ब्रेक दाबला असेल, त्याला हे निराळे सांगायला नको. ॲल्युमिनियमच्या रिमवर ही अडचण पुष्कळ कमी होते.

आता स्पेनला जाऊ. मोटारसायकली खडकांतून, ओढ्यांतून, पाय न टेकता नेण्याची ‘ट्रायल’ नावाची स्पर्धा इंग्लंडात जुनी आहे. यॉर्कशरची ‘स्कॉट ट्रायल’ १९१४ साली सुरू झाली. हा शौक पुढे स्पेनच्या कॅटालोनिया प्रांतात रुजला. तेथे मोंतेसा या मोटारसायकल कंपनीचे पेरे पी हे नामांकित स्वार होते. त्यांच्या मुलाला, ओत याला, बापासारखेच खडकांवर चढायचे होते. परंतु पोराला मोटारसायकल कशी द्यावी? तेव्हा साध्या सायकलवर तोच खेळ सुरू झाला. १९७० नंतरच्या त्या दशकात त्याला नाव पडले ‘ट्रायलसिन’. स्पॅनिश भाषेत ‘सिन’ म्हणजे ‘शिवाय’, मोटारशिवायची ट्रायल. बापाच्या वेडातून मुलाचा खेळ निघाला, आणि तो मुलगा पुढे अनेकदा जगज्जेता झाला. १९८६ पासून आंतरराष्ट्रीय सायकल संघटना या खेळाच्या जागतिक स्पर्धा भरवू लागली.

या खेळात वेगाला किंमत नाही. वाटेत शिळा, ओंडके, सिमेंटच्या नळ्या असतात. त्यांच्यावरून सायकल न्यायची आणि पाय जमिनीला लावायचा नाही. लावला की दंड. सायकलला बहुधा बैठक नसतेच, कारण बसायला सवडच नसते. स्वार मागच्या एका चाकावर उभा राहतो, जागच्या जागी टुणटुण उड्या मारतो आणि समोरच्या शिळेवर झेप घेतो. त्या झेपेच्या वेळी ब्रेकचे काम पाहा. उडी घेण्याआधी मागचे चाक ब्रेकने घट्ट आवळलेले असते. पायट्यावर जोर देताक्षणी ब्रेक सुटला पाहिजे. चाक पलीकडच्या शिळेला टेकताक्षणी तो पुन्हा आवळला गेला पाहिजे. सुटायला उशीर झाला तर झेप तोकडी पडते. आवळायला उशीर झाला तर चाक घरंगळते आणि माणूस खाली जातो.

तेव्हा रस्त्यावरचा ब्रेक आणि हा ब्रेक यांत मूळचाच फरक आहे. रस्त्यावरचा ब्रेक धावते चाक हळूहळू आवरतो. ट्रायलचा ब्रेक थांबलेल्या चाकाला हलू देत नाही. पुढेही नाही आणि मागेही नाही. तो त्या स्वाराचा पाय आहे म्हणा ना! आपण खडकावर पाय रोवतो, तसा तो चाक रोवतो, आणि तेही एका बोटाने. कारण बाकीच्या बोटांनी हँडल धरायचे असते.

असा ब्रेक निवडायचा कसा? आरंभी कँटिलिव्हर ब्रेक होते. चाकाच्या दोन्ही अंगांना दोन आखूड हात, आणि वर तारेचा त्रिकोण. त्यांची पकड या कामाला अपुरी पडे. १९८७ साली जर्मनीतल्या बाड उराख येथील मागुरा कंपनीने रिमचा तेलाचा ब्रेक काढला. मूठ दाबली की नळीतले तेल ढकलले जाते आणि दोन्ही बाजूंचे दट्टे रबरांना रिमवर दाबतात. द्रव पदार्थ दाबल्याने आकसत नाही, हा शाळेत शिकवला जाणारा धडाच येथे कामाला येतो. तार ताणली जाते, नळीत घासते. तेलाचे तसे नाही. म्हणून ट्रायलवाल्यांनी हा ब्रेक उचलून धरला. १९९६ साली जपानच्या शिमानो कंपनीने व्ही-ब्रेक आणला. त्याचे हात लांब, म्हणून पकड जोरकस. किंमत कमी, दुरुस्ती सोपी. मात्र लांब हातांना तारही जास्त ओढावी लागते, तेव्हा मूठ त्याच जातीची हवी. कँटिलिव्हरची मूठ व्ही-ब्रेकला लावली तर ती पुरी दाबूनही ब्रेक पुरता लागत नाही. जोरकस पकडीने फ्रेमच्या मागच्या दांड्याही बाहेर फाकतात. त्या फाकू नयेत म्हणून ब्रेकवर घोड्याच्या नालासारखी जाड पट्टी बसवतात.

याहून मोठी गंमत रिमची आहे. जाते गुळगुळीत झाले की दाणे नुसते फिरतात, दळले जात नाहीत. मग पाथरवट त्याला टाकी लावतो. ट्रायलचे खेळाडू रिमला अगदी हेच करतात. ग्राइंडरने तिच्या दोन्ही बाजूंना बारीक आडव्या रेघा पाडून ती खरखरीत करतात. मग रबर असे धरते की चाक जागचे हलत नाही, आणि ओल्या दिवशीही पकड सुटत नाही. याची किंमतही मोजावी लागते. ब्रेक किंचाळतो, रबर लवकर झिजते, आणि रिमची भिंत पातळ होते.

ब्रेक बसवण्याला क्रम आहे. आधी चाकाचा आउट काढायचा. वाकड्या रिमवर चांगला ब्रेक कधीच बसत नाही. मग रबर रिमच्या मधोमध आणायचे. ते वर सरकून टायरला लागता कामा नये, खाली घसरून स्पोकांकडे जाता कामा नये. रस्त्याच्या सायकलला रबराचे पुढचे टोक किंचित आधी टेकेल असे ठेवतात, म्हणजे ते किंचाळत नाही. ट्रायलला मात्र सबंध रबर सपाट टेकावे लागते. दोन्ही बाजूंचे अंतर सारखे हवे. मूठ पहिल्या बोटाच्या टप्प्यात हवी. शेवटी सगळे नट पुन्हा एकदा आवळायचे. मग ब्रेक दाबून धरायचा, सायकल पुढे ढकलायची, मागे ओढायची. चाक कुठेही सरकले नाही तर काम झाले. आणि रिमला तेलाचा हात लागता कामा नये. एक थेंब एवढ्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतो.

अलीकडे पुष्कळ ट्रायलवाले डिस्ककडे वळले आहेत. रिम वाकली तरी डिस्कचे काही बिघडत नाही, हा तिचा मोठा गुण. तरी रिमच्या ब्रेकने एक मोठा काळ गाजवला. २००९ साली स्कॉटलंडच्या डॅनी मॅकॅस्किलचा एडिंबरो शहरातल्या कसरतींचा छोटा चित्रपट जगभर पाहिला गेला. त्यात अणकुचीदार गजांच्या कुंपणावरून जाणारी सायकल पाहताना लोकांचा श्वास रोखला गेला.

आता कोणी विचारील, या खडकांवरच्या उड्यांशी आपल्या गावाचा काय संबंध? उड्यांशी नाही, पण ब्रेकशी आहे. गावोगावची मुले आणि मुली सायकलने दूरच्या शाळेत जातात. घंटी वाजते की नाही ते आवर्जून पाहिले जाते; ब्रेक लागतो की नाही ते सहसा उतारावर कळते, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, रिमला ग्राइंडर लावण्याचा प्रयोग रस्त्याच्या सायकलवर करू नये. एकाएकी आवळलेले पुढचे चाक आजही त्या उंच सायकलसारखेच माणसाला डोक्यावर पाडते. उतारावर दोन्ही ब्रेक मिळून, बेताबेताने दाबावेत आणि अंग थोडे मागे घ्यावे. दुसरी गोष्ट शिक्षकांसाठी. जूनमध्ये शाळा उघडली की एखाद्या दिवशी साऱ्या सायकली आवारात रांगेने उभ्या कराव्यात. प्रत्येक मुलाने आपला पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलावी, मग मागचा दाबून ढकलावी. चाक फिरले तर रबर झिजले आहे की दांडी ढिली आहे, ते त्यानेच शोधावे. मग मुलांना विचारावे की ब्रेकचे रबर आसापाशी का बसवत नाहीत. जात्याच्या खुंट्याची गोष्ट सांगितली, तर उत्तर त्यांचे तेच देतील.