देवालयाचे लाकूड : गोदातीरीचा साग

हिमालयाच्या उतारांवर वाढणाऱ्या एका वृक्षास आपल्या पूर्वजांनी देवदारू, म्हणजे देवांचे लाकूड, असे नाव दिले. त्याचा गाभा सुगंधी व तेलयुक्त असल्यामुळे त्यास कीड सहसा लागत नाही. मनाली येथील हिडिंबादेवीचे १५५३ चे मंदिर ह्याच लाकडाचे आहे. दख्खनच्या उष्ण भूमीत मात्र देवदार होत नाही. येथे त्याचा मान सागाकडे आला.

गोदावरीच्या उत्तर तीरावरील मंचेरियल हे ह्या सागवनांच्या प्रदेशातील गाव. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ पासून ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे आहे. किनवट व राजुरा हे आज महाराष्ट्रात असलेले तालुकेही १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत. मराठी माणूस ज्याला साग म्हणतो त्याला त्याचा तेलुगू शेजारी टेकु म्हणतो. परंतु दोघांच्या घरांचे खांब एकाच रानातून आले.

सागाचा गुण त्याच्या गाभ्यात आहे. त्यातील नैसर्गिक तेलामुळे वाळवी व बुरशी त्यापासून दूर राहतात. ऋतू पालटला तरी तो फारसा आकसत वा फुगत नाही, म्हणून खाच आणि कुसू ह्यांचा सांधा पिढ्यान्‌पिढ्या घट्ट राहतो. गाभ्याबाहेरील पांढुरक्या लाकडास हा गुण नाही, ते किडते. जाणता सुतार ते तासून टाकी आणि खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा करी, जेणेकरून ओल वर चढू नये.

ह्या टिकाऊपणाची साक्ष कार्ले येथील चैत्यगृहात मिळते. तेथील छताच्या सागवानी कमानी सुमारे दोन हजार वर्षांच्या आहेत. पुण्याचा शनिवारवाडा १७३२ मध्ये पुरा झाला, त्यास जुन्नरच्या रानातील साग लागला. मात्र १८२८ च्या आगीत तो जळाला व दगडी जोते तेवढे उरले. काळ व कीड ह्यांना साग पुरून उरतो, अग्नीला नाही. समया व निरंजने जेथे नित्य तेवतात तेथे हे विसरून चालणार नाही.

काझीपेठ ते बल्लारशाह हा लोहमार्ग १९२९ मध्ये पुरा झाला आणि मंचेरियल त्यावरचे स्थानक झाले. ह्याच मार्गावरील बल्लारपूर येथून २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी सागवान रवाना झाले. तेलुगू प्रदेशातील देवळांसमोरील ध्वजस्तंभही पुष्कळदा सागाचाच असतो व त्यावर पितळी वा तांब्याचा पत्रा मढविलेला असतो.

मोठ्या खांबाजोगा साग होण्यास साठ ते ऐंशी वर्षे लागतात. आज लावणाऱ्याच्या नातवास तो कामी येणार. म्हणूनच जीर्णोद्धाराच्या वेळी जुने खांब व तुळया मोडीत काढण्याची घाई होते ती पाहून खेद वाटतो. वरचा रंग खरवडून गाभा तपासावा. तो निरोगी असल्यास तेच लाकूड पुन्हा चढवावे. कुजलेला भाग असल्यास तेवढाच कापून जोड द्यावा. तळखड्यापाशी पाणी साचू देऊ नये. नवे लाकूड घ्यावयाचे झाल्यास ते वनखात्याच्या परवान्याचेच असावे. आपल्या पूर्वजांनी रानातून जे घेतले ते जपून वापरणे, आणि मठाच्या आवारात जागा असेल तेथे चार रोपे लावणे, हीही एक सेवाच होय.