फळा, वही आणि एक्सेलचा प्रश्न

आपल्या मंडळांची घटना कोणत्याही कागदावर छापलेली असो, त्यांचा खरा कारभार चालतो तो एक्सेलच्या फायलींवर. सभासदांची यादी, दिवाळीच्या जेवणाची तिकिटे, नाटकाच्या प्रयोगाचा जमाखर्च, मराठी शाळेची हजेरी, सगळे त्या चौकटींत बसवलेले असते. खजिनदार बदलतो, फाईल मात्र वारसाहक्काने पुढच्याकडे जाते. तिच्याबरोबर कोणा हौशी इंजिनिअरने कधीकाळी लिहून ठेवलेले मॅक्रोही जातात. तो इंजिनिअर एव्हाना नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात गेलेला असतो.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्यामुळे अशी फाईल बिघडली की फोन माझ्याकडे येतो. या फोनांत एक गोष्ट मला वारंवार आढळली आहे. तक्रार बहुतेक वेळा फाईल बंद करण्याच्या क्षणाची असते. "काही बदललेच नाही, तरी 'बदल सेव्ह करायचे का?' असे का विचारते?" ही एक तऱ्हा; आणि "तासभर टाइप केले, बंद केले, काही विचारलेच नाही आणि सगळे गेले" ही दुसरी. या एका प्रश्नामागे चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा इतिहास आहे. तो ठाऊक असला तर दुरुस्ती सोपी होते, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्याकडच्या जुन्या हिशेबाच्या पद्धतीत हा प्रश्न नव्हताच. रोजकीर्दीत शाईने ओळ लिहिली की ती त्याच क्षणी पक्की झाली. मग ती खतावणीत चढायची. चूक झाली तर खाडाखोड करावी लागे आणि खोडलेलेही डोळ्यांना दिसत राही. पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या रोजकीर्दी आजही अभ्यासकांना वाचता येतात, त्या या शिस्तीमुळेच. लिहिणे आणि जपून ठेवणे ही दोन कामे तिथे एकच होती.

संगणकाने ती वेगळी केली. आपण टाइप करतो ते स्मृतीत, म्हणजे वीज गेली की पुसले जाणाऱ्या जागेत. टिकाऊ प्रत तयार होते ती तबकडीवर, आणि तीसुद्धा तसा हुकूम दिला तरच. या विभागणीचे बीज स्प्रेडशीटच्या जन्मकथेतच सापडते. १९७८ साली डॅन ब्रिकलिन हा हार्वर्ड बिझनेस स्कूलचा विद्यार्थी होता. फळ्यावर मांडलेल्या कोष्टकातला एक आकडा बदलला की प्राध्यापकांना त्यावर अवलंबून असलेले बाकीचे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. हे काम यंत्राने केले तर किती बरे, असे त्याच्या मनात आले. बॉब फ्रँकस्टनच्या साथीने त्याने 'व्हिझिकॅल्क' तयार केले आणि १९७९ मध्ये ते ॲपल-२ संगणकावर विक्रीला आले. मला यातला मुद्दा असा दिसतो की स्प्रेडशीट जन्मली ती फळ्याच्या पोटी. पुसणे आणि 'समजा असे झाले तर' म्हणून पाहणे हा तिचा मूळ स्वभाव. आपण मात्र तिला वही समजून तिच्यात हिशेब ठेवतो. 'सेव्ह करायचे का?' हा प्रश्न म्हणजे फळ्यावरचे वहीत उतरवायचे की नाही, एवढाच.

हे उतरवण्याचे काम यंत्राकडे सोपवायला सुरुवात झाली ती १९८३ मध्ये. मिच केपोर आणि जोनाथन सॅक्स यांचे 'लोटस १-२-३' त्या वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजहून बाजारात आले आणि आयबीएमच्या पीसीबरोबर अमेरिकेतल्या कचेऱ्यांत पोचले. त्यातला मॅक्रो म्हणजे बोटांच्या हालचालींची नक्कलच होती. ज्या कळा आपण दाबल्या असत्या, त्यांची अक्षरे एका चौकटीत लिहून ठेवायची. फाईल सेव्ह करण्याचा मॅक्रो त्या काळच्या अनेकांना तोंडपाठ असे: स्लॅश, एफ, एस, एंटर आणि शेवटी आर. हा 'आर' रिप्लेसचा. म्हणजे जुनी प्रत काढून तिच्या जागी नवी ठेव. पाच कळांत मागचा हिशेब पुसला जाई आणि हे खरेच करायचे का, असे विचारण्याची जागा त्या शेवटच्या 'आर'ने आधीच भरून टाकलेली असे.

मायक्रोसॉफ्टचे एक्सेल १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर आले. त्याच्या जुन्या मॅक्रो-भाषेत 'ऑटो_ओपन' आणि 'ऑटो_क्लोज' अशी दोन राखीव नावे होती. त्या नावाचा मॅक्रो फाईल उघडताना किंवा बंद करताना आपोआप चाले. पुढे १९९३ च्या एक्सेल ५ मध्ये व्हिज्युअल बेसिक ही भाषा आली. या बेसिकचे मूळ न्यू हॅम्पशायरमधल्या डार्टमथ कॉलेजात आहे. १९६४ साली केमेनी आणि कुर्ट्झ या दोन गणिताच्या प्राध्यापकांनी ती सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी रचली होती. एक्सेल ९७ मध्ये 'वर्कबुक_बिफोरक्लोज' आणि 'वर्कबुक_बिफोरसेव्ह' हे प्रसंग आले. प्रसंग म्हणजे एक्सेलने आपल्या मॅक्रोला दिलेली हाक: "मी आता फाईल बंद करणार आहे, तुझे काही काम असेल तर उरकून घे." आज मंडळांच्या फायलींत जे मॅक्रो सापडतात ते बहुधा या घराण्यातले.

आता दुखण्यांकडे वळू. पहिले दुखणे विनाकारण विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे. आजची तारीख देणारे 'टुडे', आत्ताची वेळ देणारे 'नाऊ', तसेच 'रँड', 'ऑफसेट' आणि 'इनडायरेक्ट' ही सूत्रे एक्सेल प्रत्येक वेळी नव्याने मोजते. फाईल उघडली की ती मोजली जातात आणि एक्सेल मनाशी नोंद करते की फाईल बदलली. जुन्या आवृत्तीत शेवटची मोजलेली फाईल नव्या आवृत्तीत उघडली तरीही असेच होते. प्रश्न त्रासदायक असेल, पण एक्सेल खोटे बोलत नसते.

खोटे बोलतो तो त्यावरचा झटपट इलाज. 'सेव्ह्ड' नावाचा एक गुणधर्म असतो. बिफोरक्लोजमध्ये तो 'ट्रू' केला की प्रश्न येत नाही. पण या ओळीने फाईल सेव्ह होत नाही. ती सेव्ह झाली आहे, अशी साक्ष तेवढी दिली जाते. एक्सेल त्या साक्षीवर विश्वास ठेवून मुकाट्याने बंद होते. एका मंडळाच्या फाईलमध्ये, नाव सांगत नाही, नेमकी हीच ओळ होती. वरच्या कोपऱ्यात आजची तारीख होती, तिच्यामुळे रोज प्रश्न यायचा, म्हणून कोणीतरी ती ओळ घातली. पुढे संक्रांतीच्या कार्यक्रमाच्या नोंदणीला एक ताई बसल्या. चेक समोर ठेवून त्यांनी दोन तास नावे, रकमा आणि मुलांची वये भरली. बंद करताना विचारेलच, या सवयीने त्यांनी वरच्या फुलीवर टिचकी मारली. काही विचारले गेले नाही. सुदैवाने चेक हाताशी होते म्हणून यादी पुन्हा करता आली. रोख पैसे देणाऱ्या तीन घरांना मात्र फोन करून विचारावे लागले. मंडळात पैशाचा प्रश्न विचारणे किती नाजूक असते ते सांगायला नको. ताईंना वाटत होते की आपलेच काही चुकले. चूक त्यांची नव्हती, खोट्या साक्षीची होती.

दुसरा इलाज याहून घातक. 'डिस्प्लेअलर्ट्स' बंद करून 'क्विट' म्हटले तर एक्सेल सेव्ह न केलेल्या सर्व उघड्या फायली न विचारता टाकून बंद होते. 'सर्व' या शब्दावर लक्ष द्यावे. मंडळाच्या फाईलमधला मॅक्रो शेजारी उघडलेली तुमच्या घरच्या टॅक्सची फाईलही घेऊन जातो.

तिसरे दुखणे क्रमाचे. बिफोरक्लोज हा प्रसंग एक्सेलच्या प्रश्नाच्या आधी घडतो. मॅक्रोने आपली खास बटणे काढून टाकली, पाने लपवली, कुलूप लावले. मग प्रश्न आला आणि माणसाने 'कॅन्सल' म्हटले. फाईल उघडीच राहिली, पण निरोपाची आवराआवर होऊन गेलेली! चौथे दुखणे 'एनेबलइव्हेंट्स'चे. कोणी तो मध्येच बंद केला आणि पुन्हा चालू करण्याआधी मॅक्रो अडखळून थांबला, तर एक्सेल पुन्हा सुरू करेपर्यंत बिफोरक्लोजला हाकच जात नाही. 'डिस्प्लेअलर्ट्स' मॅक्रो संपताच आपोआप पूर्ववत होतो, हा होत नाही. पाचवे, 'ॲक्टिव्हवर्कबुक' आणि 'धिसवर्कबुक' यांतली गल्लत. पहिला शब्द समोर असलेल्या फाईलचा, दुसरा मॅक्रो ज्या फाईलमध्ये आहे तिचा. दोन फायली उघड्या असल्या की भलतीच सेव्ह होते.

सरळ उपाय असा. बिफोरक्लोजमध्ये प्रथम फाईल खरोखर बदलली आहे का ते पाहावे. बदलली असेल तर मॅक्रोनेच माणसाला विचारावे: हो, नाही, की थांबा? 'हो' म्हटले तर धिसवर्कबुक सेव्ह करावी. 'नाही' म्हटले तरच सेव्ह्ड 'ट्रू' करावे. तिथे ती साक्ष माणसाच्या संमतीने दिलेली असते. 'थांबा' म्हटले तर बंद करणे रद्द करून तिथेच बाहेर पडावे. आवराआवर त्यानंतर. दहा-बारा ओळींचे काम आहे.

असा नेटका मॅक्रो लिहिला तरी तो प्रत्येकाच्या संगणकावर चालेलच असे नाही, आणि त्यालाही इतिहास आहे. १९९६ मध्ये 'लारू' हा एक्सेलमधला मॅक्रो-विषाणू सापडला. तो ऑटो_ओपनचा आधार घेई. २६ मार्च १९९९ रोजी पसरलेल्या 'मेलिसा'ने वर्डच्या मॅक्रोतून पत्त्यांच्या वहीतल्या पहिल्या ५० जणांना स्वतःची प्रत पाठवली. तो वर्डच्या मुख्य साच्यात शिरून तिथे कागद बंद होण्याचा प्रसंग धरून बसे, म्हणजे आपण काम संपवून फाईल मिटायला जावे आणि त्याच क्षणी तिला लागण व्हावी. पुढे २००७ च्या एक्सेलने मॅक्रो असलेल्या फायलींना वेगळे नाव-चिन्ह दिले आणि २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फायलींतले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली. योग्यच झाले. पण त्यामुळे ई-मेलने आलेली मंडळाची फाईल कार्यकारिणीतल्या एकाकडे मॅक्रोसह चालते आणि दुसऱ्याकडे मॅक्रोविना. बंद करतानाच्या नियमावर हिशेबाची सुरक्षितता टांगून ठेवू नये, याचे हे सर्वांत मोठे कारण.

आता या कथेतला एक गमतीदार योगायोग. व्हिज्युअल बेसिकचा जनक म्हणून ॲलन कूपर यांचे नाव घेतले जाते. १९९५ साली 'अबाउट फेस' या पुस्तकात त्यांनीच 'सेव्ह करायचे का?' या प्रश्नावर टीका केली. स्मृती आणि तबकडी वेगळ्या आहेत ही यंत्राची अडचण. तिचा जाच माणसाला कशाला, असा त्यांचा रोख होता. २०१७ पासून ऑफिस ३६५ मध्ये 'ऑटोसेव्ह' आले आणि ऑनलाइन ठेवलेल्या फायलींपुरता हा प्रश्न जवळपास नाहीसा झाला. नोंद लिहिली की काही क्षणांत पक्की. रोजकीर्दीचे दिवस परत आले म्हणायचे!

पण फळा गेला, हेही विसरू नये. अर्थसंकल्पाच्या बैठकीत कोणी म्हणते, "समजा तिकीट पाच डॉलरने वाढवले तर?" आणि आकडे बदलून पाहते. पूर्वी 'नाही' म्हणून बंद केले की फळा पुसला जाई. आता तो 'समजा' सर्वांच्या फाईलमध्ये उतरतो आणि दुसरे दिवशी कोणी ते नवे दर खरे समजून पत्रक काढते. जुन्या आवृत्त्या परत मिळतात, हे खरे, पण आधी काही बिघडले आहे हे कोणाच्या तरी लक्षात यावे लागते. शिवाय बिफोरसेव्हमध्ये संदेश दाखवणारे जुने मॅक्रो ऑटोसेव्हबरोबर पुन्हा पुन्हा डोके वर काढतात.

तेव्हा माझे सांगणे एवढेच. 'समजा'साठी फाईलची वेगळी प्रत करावी. प्रश्न गप्प करणारी ओळ दिसली तर ती काढावी, आणि रोजचा विनाकारण प्रश्न नको असेल तर कोपऱ्यातली 'टुडे' काढून तारीख हाताने लिहावी. खजिनदारपद सोपवताना पासबुक आणि चेकबुकाबरोबर आणखी एक गोष्ट द्यावी: फाईलच्या पहिल्या पानावर चार ओळी मराठीत, की हिच्यात कोणते मॅक्रो आहेत आणि फाईल बंद करताना ते काय करतात. पुढच्या खजिनदाराला आपण कोण होतो ते कदाचित आठवणार नाही. फाईल मिटताना काय होणार, ते मात्र त्याला आधी कळेल.