बुडबुड्यांचा सुगावा

जपानच्या नागासाकी प्रांतात कुचिनोत्सु नावाचं बंदर आहे. कियोताका फुरुनो या तरुणाने 1938 साली तिथे मासेमारी नावांवर विजेची कामं करून देणारं दुकान थाटलं. दर्यावर्द्यांशी त्याची रोजची ऊठबस. जिथे बुडबुडे वर येतात तिथे खाली मासे असतात, असं एका मुरलेल्या तांडेलाने त्याला सांगितलं. आवाज हवेवर आपटून मागे फिरतो हे फुरुनोला ठाऊक होतं. मग त्या बुडबुड्यांचा माग आवाजानेच का काढू नये?

खोली मोजण्याचं यंत्र तोवर होतंच. ‘टायटॅनिक’ बुडाल्यावर हिमनग वेळीच ओळखण्याच्या खटपटीतून जर्मनीच्या अलेक्झांडर बेमने 1913 मध्ये प्रतिध्वनीवर खोली मोजण्याच्या रीतीचं पेटंट घेतलं. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर धावतो. तळापर्यंत जाऊन परतायला त्याला दोन दशांश सेकंद लागले, तर पाणी दीडशे मीटर खोल. शिसं बांधलेली दोरी सोडून वाव मोजत बसायला नको. यंत्राच्या नोंदीत तळाच्या वर मधेच उमटणारे डाग म्हणजे मासे, हे नॉर्वेच्या ऑस्कर सुंड यांनी 1935 मध्ये लोफोटेनच्या कॉड माशांवरून दाखवून दिलं. पण ते काम संशोधकांच्या जहाजावरचं. फुरुनो आणि त्याच्या धाकट्या भावाने महायुद्धातून उरलेली यंत्रं घेऊन त्यांवर खपून 1948 मध्ये मासे शोधणारं यंत्र कोळ्यांसाठी विक्रीला आणलं. या कुळकथेत पहिला मान मी त्या तांडेलालाच देईन. पाण्याकडे बघत काढलेल्या आयुष्याचं ज्ञान त्याने मोकळ्या हाताने देऊन टाकलं.

आवाज परतवते ती मुख्यतः माशाच्या पोटातली हवेची पिशवी. आपल्याकडे घोळ माशाचं बोत चढ्या भावाने विकलं जातं, ते हेच. मुशीला अशी पिशवी नसते. म्हणून मोठी मुशीही पडद्यावर फिकट दिसते. डागाच्या आकारावरून माशाचं वजन ठरवू नये.

आणि ज्या हवेमुळे मासा सापडतो, तीच यंत्र बसवताना वैरी ठरते. आवाज सोडणारा आणि ऐकणारा ट्रान्सड्यूसर होडीच्या मागच्या फळीवर लावतात. इंजिनाच्या पंख्याने घुसळलेलं पाणी त्याखालून गेलं की पडद्यावर नुसता धुरळा. म्हणून तो पंख्यापासून दूर, सतत पाण्यात राहील असा लावावा. भोकं पाडण्याआधी तो तात्पुरता बांधून, होडी वेगात पळवून पाहावी. भरीव फायबरच्या होडीत तो आतून तळाला इपॉक्सीने चिकटवता येतो, मात्र चिकटवताना मधे एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. लाकडी होडीत हा मार्ग चालत नाही. लाकूड आवाज गिळतं, तिथे ट्रान्सड्यूसर पाण्यातच हवा.