उकंडा

आमच्या बोरी अरबात आणि दारव्हा तालुक्यातल्या जुन्या मतदार याद्या चाळल्या तर उकंडा, उकंडराव अशी नावं सापडतात. पुसद-वाशीमकडंही सापडतात. अकोला-बुलडाण्याकडं तेच नाव उकर्डा किंवा उखर्डा होतं. पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगितलं की तो आधी हसतो, मग विचारतो, असं नाव आईबाप ठेवतातच कसं?

उकंडा म्हणजे उकिरडा. संस्कृतात ढिगाला उत्कर म्हणतात, त्यातून हा शब्द उतरला. ज्या बाईची दोन-तीन लेकरं पाळण्यातच गेली, तिला पुन्हा पोरगं झालं की त्याला सुपात घालून उकंड्यावर नेऊन ठेवायचं. थोड्या वेळानं सुईण नाहीतर शेजारीण त्याला उचलायची अन् मायच्या दारात येऊन म्हणायची, "उकंड्यावर सापडलं बाई, घेतं का?" माय पसाभर ज्वारी देऊन आपलंच लेकरू विकत घ्यायची. हे सारं सटवीला, काळाला चकवायला. टाकून दिलेल्या वस्तूवर कोण डोळा ठेवतो? पुढं त्या लेकराला कोणी गोंडस म्हटलं तर माय घाईघाईनं म्हणे, "उकंड्यावरचं हाये ते, माहं नाई."

हसू येतं, पण त्या काळचा हिशोब पाहा. शंभर वर्षांपूर्वी या देशात जन्मलेल्या हजारातली दोनशेच्या आसपास लेकरं वर्षाच्या आत जात. 1918 च्या तापानं वऱ्हाड तर झोडपूनच काढला. देवीचा शेवटचा रोगी भारतात सापडला तो 1975 साली, म्हणजे माझ्याच हयातीत. दवाखाना नव्हता तिथं मायजवळ नावाशिवाय दुसरं औषध काय होतं?

दगडू, धोंडू, केरबा, भिकू ही त्याच घरची भावंडं. पुण्याचे दगडूशेठ हलवाई आणि महर्षी धोंडो केशव कर्वे यांची नावं आपण आदरानं घेतो, तिथं दगड-धोंडा कोणाला खटकत नाही. धोंडो हे तर पेशव्यांच्या घरातही होतं, 1857 चे नानासाहेब म्हणजे धोंडोपंत. उत्तरेत घुरहू आणि कतवारू म्हणजे उकिरड्याचे अन् कचऱ्याचेच. मुलींची नकुशी मात्र यात धरू नये. उकंडा हवा होता म्हणून तसं नाव, नकुशी नको होती म्हणून. सातारा जिल्ह्यात 2011 साली अडीचशेहून जास्त नकुशींची नावं बदलली, ते बरंच झालं.

आणखी एक गोष्ट शहरी वाचकाला कळायची नाही. शेतकऱ्याचा उकंडा म्हणजे घाण नव्हे. वर्षभराचं शेण, गोठ्यातला केरकचरा, चुलीची राख त्यात कुजायची अन् उन्हाळ्यात गाड्या भरून वावरात जायची. त्या खतावर ज्वारी-कपाशी उभी राहायची. दिवाळीत घरादाराबरोबर उकंड्यावरही दिवा लावायची रीत आहे. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात, त्यातही त्याला थोडी आशा दिलेलीच आहे. आता ट्रॅक्टर आला, बैल गेले, युरियाची गोणी आली. गावात उकंडाच कमी झाला, मग नाव कुठून राहणार?

आमच्या शेजारच्या एका म्हाताऱ्याचं नाव उकंडा. पोरगा शिकला, त्याला कॉलेजात बापाचं नाव सांगायची लाज वाटे. त्यानं आधारवर बापाला उत्तमराव करून टाकलं. सातबाऱ्यावर मात्र उकंडाच राहिला. पुढं शेतीचे पैसे खात्यात येईनात, म्हाताऱ्याला दोनदा परत पाठवलं. शेवटी शंभराच्या मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र केलं, उकंडा आणि उत्तमराव ही एकाच माणसाची नावं. सही करायची वेळ आली. म्हाताऱ्यानं चष्मा पुसला अन् जन्मभर करत आला तशीच, सावकाश, उकंडा अशी सही केली. लिहिणारा म्हणाला, बाबा, उत्तमराव लिहा ना. म्हातारा म्हणाला, "ते लिहाले शिकलो नाई मी. अन् माह्या मायनं ज्वारी देऊन घेतलं व्हतं मले, उत्तमराव म्हणून नाई."