आगबोटीवरील पथारी

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर गोव्याच्या आगबोटीत उतारू घेण्यास सुरुवात झाली की आधी वळकट्या आत शिरत आणि त्यांच्यामागून माणसे. हमाल डोक्यावर वळकटी घेऊन शिडीवरून धावत सुटे, वरच्या डेकवर मोक्याची जागा हेरी आणि सतरंजी झटकून पसरी. ट्रंका, करंड्या व मुले सांभाळीत कुटुंब मागाहून वर येई, तोवर त्याचे एका रात्रीचे घर मांडून तयार असे. त्या घराला भिंत नसे व दारही नसे. तरीही एकदा पसरलेल्या सतरंजीची सीमा सारा डेक मान्य करी. पायातील वहाणा हातात घेतल्याविना कोणी ती ओलांडीत नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेफर्ड कंपनीच्या आगबोटी कोकण किनाऱ्यावर नियमाने फिरू लागल्या. तेव्हापासून शंभर वर्षांहून अधिक काळ रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले व गोवा येथील माणसांना मुंबई जोडून दिली ती या जलमार्गाने. पावसाळ्यात समुद्र खवळला की वाहतूक बंद राही आणि भाद्रपदाच्या सुमारास पुन्हा सुरू होई. १९५५ साली गोव्याची सरहद्द बंद झाल्याने पणजीची वाट तुटली. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यानंतर ती पुन्हा जुळली. पुढे 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' ही नावे घरोघरी परिचयाची झाली. सकाळी मुंबई सोडलेली बोट दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवी नदीच्या मुखातून पणजीच्या धक्क्याला लागे.

बोटीवर निजण्याच्या सोयी तीन प्रकारच्या होत्या. मूठभर उतारूंसाठी कॅबिनी असत. तेथे खाट, दार आणि दाराला कडी एवढे वैभव लाभे. बाकीच्यांसाठी वरचा डेक आणि खालचा डेक. खालच्या डेकचे भाडे सर्वांत कमी; परंतु तेथे यंत्राची धग, तेलाचा दर्प आणि मालाची दाटी. वरच्या डेकवर वारा मोकळा, म्हणून सारी धावपळ तेथील जागेसाठी होत असे.

जागा निवडणे हे अनुभवाचे शास्त्र होते. बोट दक्षिणेकडे जात असता उजव्या अंगाला समुद्र व डाव्या अंगाला किनारा राही. म्हणून दुपारनंतरचे ऊन उजव्या बाजूच्या उतारूंना भाजून काढी. दिवसा समुद्रावरून खारे वारे वाहत आणि रात्री जमीन निवाल्यावर किनाऱ्याकडून मतलई वारे सुटत. सरावलेला उतारू डावी बाजू पसंत करी. मात्र लहान मूल बरोबर असेल तर कठड्यापासून दूर सरके, कारण पहाटेचा गारवा अंगात भरे. ज्याला बोट लागण्याची भीती असे, तो नाळ व वरामा ही दोन्ही टोके टाळून मध्यभाग धरी. तराजूची दांडी टोकांना अधिक हलते व मध्याशी कमी, तोच न्याय जहाजालाही लागू पडतो. धुराड्याजवळची जागा थंडीत उबदार, पण उन्हाळ्यात असह्य. आणि शिडीच्या तोंडाशी पथारी टाकणारा हमखास नवखा समजावा. बोट रात्रीतून बंदरोबंदरी नांगर टाकी, भोंगा वाजे, किनाऱ्यावरून मचवे येऊन भिडत आणि उतरणाऱ्या-चढणाऱ्यांचा लोंढा त्याच्या उशापायथ्यावरून जाई.

या डेकवर गोव्याचे अनेक दर्यावर्दी असत. पी. ॲण्ड ओ. आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या मोठमोठ्या जहाजांवर स्टुअर्ड म्हणून गोव्यातील ख्रिस्ती माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली. परक्यांच्या कॅबिनीतील चादरी ताणून बसविणे, उशांचे अभ्रे बदलणे, सकाळी दारावर टकटक करून चहा देणे, हे त्यांचे काम. दोन सफरींच्या मधले दिवस ते मुंबईत आपापल्या गावाच्या कुडीत काढीत. तेथे प्रत्येकाच्या वाट्याला एक पेटी ठेवण्यापुरती आणि एक चटई अंथरण्यापुरती जागा येई. रजा मिळून गावी निघाले की पुन्हा डेकवरची पथारीच. शेकडो खाटा नेटक्या लावणाऱ्या या माणसांना स्वतःच्या प्रवासात खाट क्वचितच मिळाली.

खाट नसणे ही गोष्ट केवळ गैरसोयीची नव्हती. तिला कायद्यानेही एक विशिष्ट स्थान दिले होते. १८८७ च्या कायद्यात अशा प्रवाशाला 'नेटिव्ह पॅसेंजर' असे म्हटले होते. स्वतंत्र भारताच्या १९५८ च्या मर्चंट शिपिंग ॲक्टमध्ये 'अनबर्थ्ड पॅसेंजर' हा शब्द होता. कॅबिन, स्टेटरूम किंवा सलून यांत ज्याच्यासाठी स्वतंत्र जागा राखलेली नाही असा बारा वर्षांवरील उतारू, ही त्याची व्याख्या. आणि एक ते बारा वर्षांची दोन मुले मिळून एक उतारू मोजावा, हा हिशेब. पहिल्या शब्दाने माणसाची ओळख त्याच्या वंशावरून पटविली, दुसऱ्याने ती त्याच्यापाशी जे नाही त्यावरून पटविली. कॅबिनीच्या उतारूंची मोजदाद खाटांवरून होई. डेकवर खाटाच नसल्याने तेथील संख्या लाकडी तक्तपोशीच्या क्षेत्रफळावरून ठरविली जाई. कॅबिन राखून ठेवणाऱ्याचे नाव कंपनीच्या वहीत चढे. डेकच्या तिकिटावर नावाला जागा नव्हती.

याचा अर्थ काय होतो, हे १७ जुलै १९४७ रोजी दिसून आले. 'रामदास' ही आगबोट त्या सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. प्रवास रात्रीचा नव्हता, अवघ्या थोड्या वेळाचा होता. दिवस आषाढी अमावास्येचा. कित्येक चाकरमाने सणासाठी घरी निघालेले. काश्याच्या खडकाजवळ वादळी लाटांत बोट कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. नेमकी किती, याविषयी निरनिराळ्या वृत्तांतांत निरनिराळे आकडे आढळतात. स्वातंत्र्य महिन्याभरावर आले असता मुंबईच्या उंबऱ्याशी एवढी माणसे गेली आणि त्यांची निर्विवाद गणतीही राहिली नाही. त्यापूर्वी, ११ नोव्हेंबर १९२७ रोजी, 'जयंती' व 'तुकाराम' या दोन बोटी याच किनाऱ्यावर एकाच दिवशी वादळाने गिळल्या होत्या. जहाज सुटण्यापूर्वी प्रत्येक माणूस मोजावा आणि प्रत्येकाचे नाव लिहून घ्यावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक पडण्यास मात्र १९९० च्या दशकाची अखेर उजाडावी लागली.

तोवर कोकणची रात्रीची बोट इतिहासजमा झाली होती. रस्ते सुधारले, मोटारगाड्या वाढल्या आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही सेवा थांबली. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावू लागली. २०१८ च्या ऑक्टोबरात 'आंग्रिया' या जहाजाने मुंबई ते मुरगाव असा रात्रीचा प्रवास पुन्हा सुरू केला होता. तो २०२० साली बंद पडला. त्यावर सामाईक शयनगृहापासून प्रशस्त खोल्यांपर्यंत नाना प्रकारच्या सोयी होत्या. उघड्या डेकवरची पथारी नव्हती. हे जहाज मूळचे जपानचे. 'ओगासावारा मारू' या नावाने ते टोकियोहून दूरच्या ओगासावारा बेटांना जात असे. जपानच्या अशा जहाजांवर सर्वांत स्वस्त वर्गातील उतारू एका मोठ्या दालनात जमिनीवरच ओळीने निजतात. मात्र तेथे प्रत्येकाला आपली जागा नेमून दिलेली असते.

जमिनीवर निजण्यात कमीपणा नाही. कोकणातील व गोव्यातील निम्मी माणसे घरीही चटईवरच निजत असत. डेकवरील पथारीने अनोळखी माणसांना एका रात्रीपुरते शेजारी केले. एकमेकांचे डबे उघडले गेले, एकाच्या मुलाला दुसऱ्याने थोपटले. ती माया उतारूंची स्वतःची होती. त्यांना जे मिळावयास हवे होते, ते खाटेहून स्वस्त होते. वहीतील एक ओळ, आणि त्या ओळीवर त्यांचे नाव.